बँजो कुणाचा, जत्रा कुणाची?

कलापथकांच्या युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर



संयोजकांनी मला सांगितलं होतं, कलापथकांबद्दल बोला. जलसा, पथनाट्य, लोककला महोत्सव, यात आपण काय करायचं ते सांगा. मी ठरवलं, अमेरिकेतल्या अ‍ॅपलॅचिया नावाच्या डोंगरी मुलखाबद्दल बोलायचं. तिथल्या गोष्टी सांगणाऱ्यांबद्दल, तिथल्या नाटकवाल्यांबद्दल. काल रात्री जेवताना एका कार्यकर्त्याला हे कळलं तर तो उखडलाच. म्हणाला, 'दादा, त्या गोऱ्यांचं आपल्याला काय कौतुक? काळ्यांचं सांगा. आपलं नातं त्यांच्याशी.'

त्याचं म्हणणं रास्त आहे. म्हणून उत्तर आधी त्याला देतो.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याआधी तीन वर्षं, १९६९ साली, शिकागोत ब्लॅक पँथरने काय केलं ते आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. शिकागोचा पँथर फ्रेड हॅम्पटन, वय वर्षे वीस. त्याने आणि बॉब ली या त्याच्या साथीदाराने तीन संघटनांची आघाडी बांधली. नाव दिलं रेनबो कोअलिशन, म्हणजे इंद्रधनुष्य आघाडी. एक पँथर. दुसरी यंग लॉर्ड्स, म्हणजे पोर्तो रिकोहून आलेल्यांची पोरं. आणि तिसरी यंग पेट्रियट्स. ही तिसरी कोण? केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनिया या डोंगरांतून पोट भरायला शिकागोच्या अपटाउन वस्तीत येऊन पडलेली गोरी पोरं. शहरातले सुखवस्तू गोरे त्यांना 'हिलबिली' म्हणून हिणवत. आपल्याकडे गावंढळ, अडाणी, दरिद्री, दारुडा हे सगळं एका शब्दात कोंबलं तर तो शब्द होईल.

आणि या पोरांच्या जाकिटावर झेंडा कुठला? कॉन्फेडरेट झेंडा. गुलामगिरी टिकावी म्हणून ज्यांनी युद्ध केलं त्यांचा. काळ्या माणसाच्या उरावर नाचलेला झेंडा.

तरी पँथर त्यांच्या वस्तीत गेले. भाषण ठोकलं नाही. बॉब लीने लोकांना उठवलं आणि सांगितलं, तुमच्यावर काय गुदरलं ते सांगा. मग एकेक जण उठला. पोलिसांनी कसं झोडपलं, घरमालक कसा छळतो, पोर दवाखान्यावाचून कसं तळमळलं. गोऱ्यांच्या तोंडून काळ्यांना आपलीच कहाणी ऐकू आली. आणि गोऱ्यांना पहिल्यांदा कळलं की आपली मान ज्याच्या हातात आहे तो काळा नाही. पुढे तो झेंडाही त्यांनी टाकला. ४ डिसेंबर १९६९ ला पहाटे पोलिसांनी फ्रेड हॅम्पटनला त्याच्या घरात घुसून गोळ्या घातल्या. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. व्यवस्थेला नुसत्या बंदुकीची भीती नव्हती. तिला भीती त्या बैठकीची होती.

तर मित्रा, नातं हे असं आहे. ती पोरं ज्या डोंगरातून आली तिथं मी तुम्हाला नेतो. मी तिथं गेलेलो नाही. त्यांचे चित्रपट, त्यांची नाटकं, त्यांचा इतिहास, यातून जे हाती लागलं ते मांडतो.

पहिल्यांदा नावच घ्या. बाहेरचे शिकलेसवरलेले लोक म्हणतात 'अ‍ॅपलेशिया'. दक्षिणेकडच्या डोंगरातला माणूस म्हणतो 'अ‍ॅपलॅचा'. गावाचं नाव गावकऱ्याने घ्यायचं की साहेबाने, इथपासून भांडण आहे. आपल्या वस्त्यांना ज्यांनी नावं ठेवली त्यांची आठवण करा, म्हणजे समजेल.

हा मुलूख कोळशाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कंपन्यांचे दलाल आले आणि अडाणी शेतकऱ्यांकडून जमिनीखालच्या कोळशाचा हक्क कवडीमोलाने लिहून घेतला. वरची जमीन तुझी, खालची आमची. पुढे खालचं काढायला कंपनीने वरचंही खरवडून टाकलं. केंटकीत या कागदांना लगाम घालायला १९८८ साली राज्यघटनाच दुरुस्त करावी लागली, तेव्हा कुठे लोकांना श्वास घेता आला. खाणकामगाराचं घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, बऱ्याच ठिकाणी पगारही कंपनीच्या खोट्या नाण्यांत, म्हणजे ती नाणी कंपनीच्याच दुकानात चालायची. आपल्या सावकाराला हे सुचलं नव्हतं एवढंच.

आणि तिथं नुसते गोरे नव्हते. अलाबामातून काळे कामगार भरून आणले, युरोपातून परदेशी आणले. केंटकीत लिंच नावाचं गाव १९१७ साली पोलाद कंपनीने वसवलं. खाणीत सगळे एकाच अंधारात. वर आलं की काळ्यांची आळी वेगळी, शाळा वेगळी. खाली कोळशाने सगळ्यांची तोंडं काळी, वर साबण लावला की जात उघडी. १९२१ साली वेस्ट व्हर्जिनियात ब्लेअर माउंटनवर सुमारे १०,००० खाणकामगार गळ्यात लाल रुमाल बांधून कंपनीच्या भाडोत्री फौजेवर चाल करून गेले. त्यात काळे, गोरे, परदेशी सगळे होते. सरकारने सैन्य पाठवून ते मोडलं आणि मग शाळेच्या पुस्तकात त्याचा मागमूस ठेवला नाही. लोकांनी घरात, ओसरीवर गोष्टी सांगून ते जिवंत ठेवलं. मेटवान गावी त्याचं संग्रहालय व्हायला २०१५ साल उजाडलं.

आता जत्रेकडे येऊ. कारण आज आपला विषय जत्रा आहे.

१९३१ ते १९३९ या काळात व्हर्जिनियातल्या व्हाइटटॉप नावाच्या डोंगरावर लोकसंगीताचा महोत्सव भरत होता. मोठा थाट. १९३३ साली तर राष्ट्राध्यक्षांची बायको एलिनॉर रूझवेल्ट तिथं आली होती. डोंगरी माणसं फिडल वाजवायची, बँजो वाजवायची, जुनी गाणी म्हणायची आणि शहरातले रसिक माना डोलवायचे. आहाहा, काय अस्सल! काय शुद्ध!

हा 'शुद्ध' शब्द कुठून आला ते बघा. या महोत्सवाच्या सूत्रधारांपैकी एक होता जॉन पॉवेल. मोठा पियानोवादक, संगीतकार. हाच माणूस १९२२ साली निघालेल्या अँग्लो-सॅक्सन क्लबांच्या संस्थापकांपैकी एक. ज्यांनी रेटा लावून १९२४ साली व्हर्जिनियात वंशशुद्धीचा कायदा करून घेतला, त्यांच्यातही हाच पुढे. तो कायदा काय सांगत होता? गोऱ्याने गोऱ्याशीच लग्न करायचं. काळ्या रक्ताचा एक थेंब जरी असला तरी तू काळा. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असले कायदे मोडीत काढले, तोवर त्रेचाळीस वर्षं हे चाललं.

मित्रहो, बेटीबंदी हाच जातीचा कणा आहे हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं. ज्या हाताने पॉवेलने बेटीबंदीचा कायदा रेटला त्याच हाताने त्याने लोककलेचा महोत्सव भरवला. दोन्ही एकच काम होतं. व्हाइटटॉपच्या मंचावर काळ्या कलावंताला जागा नव्हती. डोंगरात काळे नव्हते म्हणून नाही. होते. पण त्यांना चित्रातून पुसल्याशिवाय चित्र 'शुद्ध' होत नव्हतं.

आणि त्या मंचावर वाजत काय होतं? बँजो! बँजो कुणाचा? आफ्रिकेतून साखळदंडात आणलेल्या गुलामांचा. भोपळ्याला कातडं मढवून त्यांनी तो अमेरिकेत पुन्हा घडवला. वाद्य काळ्याचं, जत्रा गोऱ्याची, आणि काळ्याला जत्रेत बंदी.

हे मला परकं वाटलं नाही. माझ्या गावच्या जत्रेत पालखीपुढे हलगी आमच्या माणसांची वाजायची. मेलेलं ढोर ओढणारा अस्पृश्य, त्याच्या कातड्याची हलगी झाली की तिच्यावाचून देवाचं पान हलत नव्हतं. पालखी देवळात शिरली की हलगी बाहेर. आणि आज? आज लोककला महोत्सवात तीच हलगी कार्यक्रमपत्रिकेवर छापून येते. खाली लिहिलेलं असतं 'महाराष्ट्राची समृद्ध परंपरा'. हलगीवाल्याच्या आज्याने ती का वाजवली, कुणाच्या धाकाने वाजवली, त्याबदल्यात त्याला शिळी भाकर कुणी वरून टाकली, हे कार्यक्रमपत्रिकेवर नसतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं. लोककला, लोकोत्सव हे शब्द ऐकून लगेच पाघळू नका. जत्रा भरवणारा कोण, मंचावर कुणाला बंदी, आणि दुःखाचा भाग कापून उरलेला नाच तेवढा दाखवला जातोय का, एवढं आधी तपासा.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. आपल्यातले काही जण म्हणतात, हे सगळं नाचगाणं म्हणजे गुलामीचं ओझं, फेकून द्या. त्याच डोंगरातल्या लोकांनी त्याच गोष्टी, तीच गाणी हातात घेऊन काय केलं ते ऐका.

१९६४ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि केंटकीतल्या एका बेकार माणसाच्या ओसरीवर जाऊन बसला. मागोमाग कॅमेरे. मग काय, डोंगरात कॅमेऱ्यांचा पूर आला. अनवाणी पोरं, पडकी घरं, दात गेलेली म्हातारी. सगळ्या अमेरिकेच्या दिवाणखान्यात त्यांचं दारिद्र्य. फोटो काढणारा काढून निघून जायचा. गरीब माणूस तिथंच, पण आता तो सगळ्या देशात नागडा.

१९६७ साली लेचर परगण्यात ह्यू ओकॉनर नावाचा कॅनडाचा चित्रपटकार एका खाणकामगाराचं चित्रण करत होता. कामगार आपल्या भाड्याच्या घराच्या ओसरीवर बसलेला, त्याची हरकत नव्हती. तेवढ्यात घरमालक आला आणि त्याने ओकॉनरला गोळी घालून ठार केलं. यात एक गोम आहे, नीट बघा. ज्याच्या गरिबीचं चित्र निघत होतं त्याने गोळी घातली नाही. गोळी घातली ती घरं भाड्याने देणाऱ्याने. अब्रू गावाची म्हणायची आणि झाकायची ती मालकाने. गावातले कितीतरी लोक खुन्याच्या बाजूने उभे राहिले. शेवटी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि वर्षभरात तो पॅरोलवर सुटला.

त्याच डोंगरी मुलखातल्या एलिझाबेथ बॅरेट या बाईने २००० साली यावर चित्रपट काढला, 'स्ट्रेंजर विथ अ कॅमेरा'. ती खुन्याची बाजू घेत नाही आणि कॅमेरेवाल्यांनाही मोकळं सोडत नाही. ती स्वतःलाच विचारते, माझ्या हातात कॅमेरा आहे, मग मी कोण? आपल्यातल्या लिहिणाऱ्यांनी, मीही त्यात आलो, हा प्रश्न उशाशी ठेवून झोपावं. वस्तीतून शिकून बाहेर पडलेला लेखक वस्तीची कथा लिहितो आणि ती पांढरपेशा वाचकापुढे ठेवतो, तेव्हा त्याच्या हातातही कॅमेराच असतो.

बॅरेट आली कुठून? अ‍ॅपलशॉपमधून. १९६९ साली केंटकीतल्या व्हाइट्सबर्ग या छोट्या गावात सरकारच्या गरिबी हटावच्या पैशातून तरुणांना कॅमेरा शिकवायची शाळा निघाली. सरकारचा हिशोब असा की पोरं शिकतील आणि शहरात नोकऱ्या धरतील. पोरांनी कॅमेरा शिकला आणि गावीच राहिली. आपल्याच आज्यांकडे, खाणकामगारांकडे, डुक्कर कापणाऱ्यांकडे, सुईणींकडे कॅमेरा वळवला. सरकारी पैसा आटला तरी संस्था टिकवली.

त्यांच्या एका चित्रपटाबद्दल सांगतो. २६ फेब्रुवारी १९७२ ला वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीक खोऱ्यात कोळसा कंपनीने खाणीच्या गाळाचा घातलेला बांध फुटला. १२५ माणसं मेली, हजारो बेघर झाली. कंपनीकडून सांगण्यात आलं, ही देवाची करणी. अ‍ॅपलशॉपच्या मिमी पिकरिंगने १९७५ साली चित्रपट काढला आणि त्याच्या नावातच उत्तर दिलं, ही माणसाची करणी. बास. एवढंच. मित्रहो, हजारो वर्षं आपल्याला काय सांगितलं? तुमची दशा ही मागल्या जन्माचं कर्म, देवाची करणी. बाबासाहेबांनी सांगितलं, ही माणसाची करणी आहे, मनूची करणी आहे. कलेला यापेक्षा मोठं काम काय असू शकतं ते मला सांगा.

१९७५ सालीच अ‍ॅपलशॉपमधून एक नाटक मंडळी निघाली, रोडसाइड थिएटर. त्यांच्यापाशी नाट्यगृह नव्हतं. आपल्या घरात काय आहे ते त्यांनी पाहिलं. घरात गोष्टी होत्या. जॅकच्या गोष्टी. जॅक म्हणजे गरिबाचा धाकटा पोरगा, कफल्लक, पण डोकेबाज. राक्षसाला फसवतो, राजाला गुंडाळतो. उत्तर कॅरोलिनातल्या बीच माउंटनच्या कुटुंबांनी या गोष्टी पिढ्यान् पिढ्या जपल्या. १९४३ साली त्यांचं गाजलेलं पुस्तक निघालं, त्यावर नाव संकलक रिचर्ड चेस याचं. तोंड त्यांचं, कागद याचा. त्याच डोंगरातला रे हिक्स, बटाटे लावणारा, झाडपाला गोळा करणारा शेतकरी. १९७३ साली टेनेसीत जोन्सबरो गावी गोष्टी सांगण्याचा राष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हापासून तो तिथं वर्षानुवर्षं गोष्टी सांगत आला. त्या महोत्सवाची सुरुवात एका गवताच्या गाडीवर उभं राहून झाली. आज तिथं मोठमोठे तंबू लागतात आणि तिकिटं लागतात. हे व्हायचंच. गाडी कधी हातातून निसटते ते कळत नाही, म्हणून सांगितलं.

रोडसाइडने जॅकच्या गोष्टी दोघातिघांत वाटून सांगायला सुरुवात केली. एकाने धरायची, दुसऱ्याने उचलायची, मध्येच गाणं. आपल्या तमाशातल्या बतावणीची आठवण यावी असं. मग ते इतिहासाकडे वळले. १८९३ साली व्हर्जिनियातल्या वाइज गावी डॉक टेलर नावाच्या माणसाला फाशी दिलं होतं. लोक त्याला लाल कोल्हा म्हणत. बाहेरच्या लेखकांनी डोंगरी माणसाला रक्तपिपासू ठरवून अशा गोष्टी खपवल्या होत्या. रोडसाइडने कोर्टाचे कागद काढले, म्हाताऱ्यांच्या तोंडच्या आठवणी काढल्या आणि तिघा सांगणाऱ्यांचं नाटक उभं केलं, 'रेड फॉक्स/सेकंड हँगिन'. नेपथ्य नाही, पोशाख नाही. त्यांच्या सांगण्यातून दिसतं की खुनाखुनीच्या मागे कोळशाच्या जमिनीचा लोभ होता. डोंगरी माणूस रानटी हे म्हणणं कुणाच्या सोयीचं होतं ते प्रेक्षकाला आपोआप कळतं.

आता मी मुख्य गोष्टीवर येतो. गरीब गोऱ्यांनी आपली गोष्ट सांगितली, चांगलं केलं. पण तेवढ्यावर थांबले असते तर ते व्हाइटटॉपचंच गरीब रूप झालं असतं. 'आमची डोंगरी संस्कृती' म्हणत गोऱ्यांनी गोऱ्यांसमोर रडायचं. या मंडळींना ते कळलं, ही त्यांची खरी कमाई.

मिसिसिपीत १९६३ साली नागरी हक्कांच्या लढ्यातून फ्री सदर्न थिएटर निघालं होतं. जॉन ओनील हा त्याच्या संस्थापकांपैकी एक, काळा कार्यकर्ता, नट. पुढे न्यू ऑर्लिन्सला त्याने जुनबग प्रॉडक्शन्स काढली. जुनबग हे काळ्यांच्या चळवळीतलं पात्र, बोलून बोलून सत्य बाहेर काढणारा. रोडसाइडचा जॅक आणि ओनीलचा जुनबग. एक गोऱ्या गरिबाचा, एक काळ्या गरिबाचा. १९८०च्या दशकात दोन्ही मंडळ्या एकमेकांच्या गावी खेळ करू लागल्या. त्यातून 'जुनबग/जॅक' हे नाटक उभं राहिलं. गुलामगिरीपासून कोळशापर्यंत, युद्धात मेलेल्या गरिबांच्या पोरांपर्यंत, दोन्ही कहाण्या एकाच मंचावर. आणि कुणी कुणाचं अपराध लपवत नाही.

त्यांची एक अट मला फार आवडली. ज्या गावाला हे नाटक हवं असेल त्या गावाने आधी एक गायकवृंद जमवायचा. काळ्यांच्या चर्चमधले, गोऱ्यांच्या चर्चमधले, सगळ्या वस्त्यांतले गाणारे एकत्र. तालमी करायच्या. मग त्यांनीच नाटकात गायचं. म्हणजे नाटक होण्याआधीच नाटकाचं काम सुरू! ज्या लोकांनी रविवारी कधी एका छताखाली प्रार्थना केली नाही ते आठवडाभर एका खोलीत सूर जुळवताहेत. आपल्या गावात भीमजयंतीला आपण गातो, हरिनाम सप्ताहाला ते गातात. कुठल्या कलापथकाने अशी अट घालून बघावी. निम्मी गावं खेळच नाकारतील. नाकारू द्या. नकारातून गाव उघडं पडतं.

या दोन मंडळ्यांनी एक रीत पक्की केली, गोष्टींचं रिंगण. इंग्रजीत स्टोरी सर्कल. रीत साधी आहे, इथं आजच करता येईल. सगळ्यांनी गोल बसायचं. मध्ये टेबल नाही, कुणी वर कुणी खाली नाही. एकाने एक गोष्ट सांगायची. मत नाही, भाषण नाही, स्वतःवर गुदरलेली गोष्ट. वेळ सगळ्यांना सारखा. ज्याला आत्ता सांगायचं नाही त्याने पुढच्याकडे द्यायचं, रिंगण फिरून पुन्हा त्याच्याकडे येतं. दुसरा बोलताना टिपणं काढायची नाहीत, तोडायचं नाही, खोडायचं नाही. सगळ्यांचं झाल्यावरच चर्चा. ओनील २०१९ साली वारला, पण रिंगण चालू आहे.

तुम्ही म्हणाल, यात क्रांती कुठे आली? सांगतो. हार्लन परगणा, केंटकी. कोळसा संपत आला, खाणकामगारांच्या पाठी मोडल्या, आणि त्या मोडक्या पाठींवर औषध म्हणून आलं ऑक्सिकॉन्टिन. अफूच्या जातीची गोळी. अख्खी खोरी तिच्या नादी लागली. घराघरात मढी. २००७ साली ही गोळी विकणाऱ्या कंपनीने, तिचं व्यसन कमी लागतं असं खोटं सांगितल्याचा गुन्हा व्हर्जिनियातल्या कोर्टात कबूल केला, ६० कोटी डॉलरहून जास्त दंड भरला. पण गावात काय होतं? लाज. ज्याचं पोर मेलं तो म्हणायचा, हृदय बंद पडलं. शेजाऱ्याचंही हृदयच बंद पडलेलं. सगळ्यांना ठाऊक, कुणी बोलत नाही. हार्लनच्या सरकारी महाविद्यालयात रॉबर्ट गाइप या शिक्षकाने विद्यार्थ्यांना घरोघर पाठवलं, लोकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या, टेनेसीची लेखिका जो कार्सन हिने त्यातून संहिता बांधली आणि २००५ साली 'हायर ग्राउंड' मंचावर आलं. काम करणारे गावचेच. म्हातारे, पोरं, काळे, गोरे. समोर प्रेक्षकात त्यांचे शेजारी. मंचावरून जे बोललं गेलं ते गावात आजवर मोठ्याने कुणी बोललं नव्हतं. गोळी बंद झाली असं मी म्हणत नाही. लाज फुटली. लाज फुटल्याशिवाय राग येत नाही, आणि राग आल्याशिवाय माणूस उठत नाही.

आणखी एक. कोळसा गेला तेव्हा सरकारने डोंगरात तुरुंग आणले. व्हर्जिनियाच्या वाइज परगण्यात १९९०च्या दशकाच्या अखेरीस दोन अतिकडक तुरुंग बांधले. आत कैदी बहुतेक दूर शहरांतले काळे. बाहेर पहारेकरी बेकार झालेल्या खाणकामगारांची गोरी पोरं. व्यवस्थेने दोन गरीब समोरासमोर आणले, मध्ये गज. अ‍ॅपलशॉपचं एक रेडिओ केंद्र आहे, १९८५ पासूनचं. तिथल्या दोन तरुणांना तुरुंगातून पत्रं यायला लागली. त्यांनी कार्यक्रम सुरू केला. कैद्यांच्या आया, बायका, लेकरं दूरवरून फोन करायची आणि त्यांचा निरोप रेडिओवरून डोंगर ओलांडून कोठडीत पोचायचा. 'बाळा, मी बरी आहे. तुझी पोरगी चालायला लागली.' असले निरोप. ते शेजारच्या घरात पहारेकऱ्याची बायकोही ऐकायची. याला मी लोककला म्हणतो. फिडल नाही, बँजो नाही, पण लोक आहेत.

हे सगळं गोड गोड आहे असं समजू नका. ज्या हायलँडर शाळेत १९५५ साली रोझा पार्क्स येऊन गेली, जिथं १९७६ साली दक्षिणेतल्या अशा नाट्यमंडळ्यांची आघाडी अल्टरनेट रूट्स जन्मली, त्या टेनेसीतल्या केंद्राची कचेरी २०१९ साली जळाली आणि जागेवर गोऱ्या वर्चस्ववाद्यांची खूण रंगवलेली सापडली. २८ जुलै २०२२ ला केंटकीत महापूर आला, चाळीसहून जास्त माणसं गेली, अ‍ॅपलशॉपच्या इमारतीत पाणी शिरलं. पन्नास वर्षांच्या फिती, छायाचित्रं चिखलात. ती पोरं चिखलातून एकेक फीत उचलत होती. आपल्या किती शाहिरांचे आवाज फितीवरसुद्धा आले नाहीत. पूर न येताच ते वाहून गेले.

आणि एक नाव. डोंगर म्हणजे गोरे हे शब्दकोशातसुद्धा इतकं मुरलेलं होतं की १९९१ साली केंटकीचा काळा कवी फ्रँक एक्स वॉकर याने नवा शब्दच घडवला, 'अ‍ॅफ्रिलॅचिया'. मीही या डोंगराचा, मलाही पुसू नका. शब्द घडवावा लागतो, मित्रहो. 'दलित' हा शब्द आपण असाच ताठ उभा केला. १९७३च्या पँथरच्या जाहीरनाम्यात त्या शब्दात कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया या सगळ्यांना जागा केली होती. जागा कागदावर झाली. आपल्या रिंगणात झाली का?

इथंच मला थांबायचं आहे. रोडसाइडच्या गोऱ्यांनी स्वतःला विचारलं, आमच्या गोष्टीतून कोण पुसलं गेलं? हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. आपल्या जलशात आई येते, पण ती आई म्हणून येते. ती स्वतःची गोष्ट सांगते का? नवऱ्याच्या लाथेची गोष्ट, आपल्याच वस्तीतल्या लाथेची? आपल्यापेक्षा खालच्या पायरीवर ज्यांना बसवलं, ते भंगी, ते पारधी आपल्या रिंगणात आहेत का? की आपलाही एक छोटा व्हाइटटॉप होतोय, आपणच शुद्ध, आपणच अस्सल?

तर आज रात्री भाषण नको. जेवण झालं की याच पटांगणात गोल बसू. संयोजकांनी खुर्च्या उचलून ठेवाव्यात. पहिली गोष्ट बाईने सांगावी. ज्या मित्राने काल मला अडवलं त्याने माझ्या शेजारी बसावं आणि शेवटपर्यंत गप्प बसून ऐकावं. मीही ऐकेन. मला आज फार बोललो याची शिक्षा म्हणून माझी पाळी सगळ्यात शेवटी.

जयभीम!